जनरेटर केवढा घ्यायचा? आधी काय बंद पडू द्यायचं नाही ते ठरवा

वाचकाचं पत्र

सर, आम्ही यावल तालुक्यात, फैजपूरजवळ राहतो. केळीचे शेतकरी. मागच्या जूनमधल्या वादळात केळी आडवी झालीच, गावचे खांबही पडले. लाईट आली ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. सासूबाईंना फुप्फुसाचा आजार आहे. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलंय, रात्रभर आणि दिवसाही काही तास. सासऱ्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. त्या वेळी सासूबाईंना गाडीत घालून भुसावळला नातेवाइकांकडे न्यावं लागलं. रस्त्यात झाडं पडलेली, त्यांचा जीव कासावीस. म्हणून यंदा आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत जनरेटर घ्यायचाच असं ठरलंय. दुकानदार म्हणतो पाच केव्हीए घ्या. दीर म्हणतात एवढा कशाला, एक केव्हीएचा हातात उचलता येतो, तो पुरे. यांचं म्हणणं, घ्यायचाच तर बोअरची मोटारही चालली पाहिजे. घरात फ्रीज, एक मोठा कूलर, चार पंखे, टीव्ही, मिक्सर, घरघंटी, एक एचपीची बोअरची मोटार आणि एका बॅटरीचा जुना इन्व्हर्टर आहे. कुणाचं खरं धरू? हिशेब समजावून सांगितलात तर मी स्वतः करीन.

– एक सून, यावल तालुका

उत्तर

ताई, ‘मी स्वतः करीन’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. तीस वर्षं मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या मुलांना शिकवलं. त्या काळात पाहिलं ते असं, की जनरेटर बहुतेक जण दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतात आणि हिशेब करतात तो पहिल्यांदा काहीतरी जळाल्यावर. तुमच्या घरात तर फ्रीज किंवा टीव्हीपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे.

पहिलं सांगतो, तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नाहीये. दुकानदाराने तुमची मोटार हिशेबात धरली. दिरांनी दिवे-पंखे धरले. यजमानांच्या डोळ्यांपुढे पाणी आहे. तुम्ही सासूबाईंचं मशीन धरा आणि तिथून मोजायला लागा.

आता वॅट म्हणजे काय ते वेगळं सांगत नाही, दहावीचं विज्ञान तुम्हाला आठवत असेल. घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पाठीवर एक पाटी असते, तीवर वॅट किंवा अँपिअर लिहिलेले असतात. नुसते अँपिअर असतील तर २३० ने गुणा, अंदाजे वॅट येतात. हातात वही घ्या आणि घरभर फिरा. साधारण असे आकडे सापडतील: एलईडी बल्ब ९, साधा छताचा पंखा ७५, मोठा कूलर २०० च्या आसपास, एका दाराचा फ्रीज चालू असताना १५०, मिक्सर ५०० ते ७५०, इस्त्री १०००, गिझर २०००. ऑक्सिजनचं पाच लिटरचं मशीन, म्हणजे मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं, ३०० ते ४०० च्या मध्ये कुठेतरी असतं. मी ३५० धरतो, तुम्ही पाटी वाचा.

पाटी पुसट झाली असेल, किंवा तिच्यावर विश्वास नसेल, तर एक युक्ती आहे. माझ्या मुलांना मी ही पहिल्याच महिन्यात करायला लावायचो. ओट्यावरच्या वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी ‘३२०० इम्प प्रति किलोवॅट-अवर’ किंवा ‘१६००’ असा आकडा छापलेला असतो. एका युनिटमागे तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, फक्त जे मोजायचं ते चालू ठेवा आणि घड्याळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. मीटर ३२०० चा असेल तर त्या संख्येला १८.७५ ने गुणा, १६०० चा असेल तर ३७.५ ने. मिनिटाला १६ वेळा लुकलुकला तर ३२०० च्या मीटरवर ३०० वॅट. ऑक्सिजनचं मशीन, फ्रीज आणि कूलर, या तिघांचं हे माप तुम्ही स्वतः घ्याच. मशीन मोजायचं ते सासूबाईंना ते लावलेलं असतानाच, त्यासाठी बंद करायचं नाही.

आता बेरीज. वादळाच्या रात्री बंद पडू नये असं काय? मशीन ३५०, फ्रीज १५०, सासूबाईंच्या खोलीतला कूलर २००, तीन पंखे २२५, पाच बल्ब ४५, मोबाइल आणि बारीकसारीक ३०. झाले १००० वॅट. इन्व्हर्टर घरात आहे, म्हणजे जनरेटर सुरू झाला की त्याची बॅटरीही चार्ज व्हायला लागणार आणि ती गुपचूप २५० वॅट ओढणार. हा आकडा बहुतेक लोक विसरतात. तो धरून १२५०.

एक केव्हीए म्हणजे फार तर हजार वॅट, तेव्हा दिरांचा जनरेटर इथेच बाद झाला. पण म्हणून १२५० चा आणायचा असंही नाही, कारण खरी अडचण पुढे आहे.

काळ्या रानात रुतलेली भरली बैलगाडी आठवा. एकदा चालू लागली की बैल सहज ओढतात, पण जागची हलवताना त्यांना गुडघे टेकायची पाळी येते. मोटारीचं तसंच आहे. फ्रीजचा काँप्रेसर, बोअरची मोटार, घरघंटी, सगळ्यांची पहिल्या क्षणाची उचल चालू भाराच्या कितीतरी पट असते. बल्बची अशी उचल नसते, टीव्हीचीही नसल्यासारखीच. १५० वॅटवर चालणारा साधा फ्रीज सुरू होताना ७०० ते ९०० वॅट मागतो. तेही सेकंदभरच, पण त्या सेकंदाला जनरेटर कमी पडला तर व्होल्टेज पडतं, काँप्रेसर फिरत नाही, नुसता घूंऽऽ करतो आणि तापतो. पारोळ्याला माझ्या भावाच्या घरी लग्नात हेच झालं. भाड्याचा छोटा जनरेटर, त्यावर दिवे, दोन कूलर आणि फ्रीज. वॅटची बेरीज बरोबर होती, मीच करून दिली होती. उचल मात्र धरली नव्हती. दिवे दर वीस मिनिटांनी मंद व्हायचे आणि आम्ही पाहुण्यांच्या गडबडीत तिकडे लक्ष दिलं नाही. सकाळी काँप्रेसर जळालेला निघाला. तेव्हापासून मी ही बेरीज कधीच अर्धी सोडत नाही.

म्हणून नियम असा धरा: जे जे एकाच वेळी चालणार त्याची बेरीज, आणि त्यात ज्याची उचल सगळ्यात मोठी त्या एकाच वस्तूची जास्तीची उचल. सगळ्यांच्या उचली एकत्र धरायच्या नाहीत, कारण वस्तू एकेक करूनच चालू करायच्या असतात. तुमच्या घरी मशीन सतत चालणार आणि फ्रीज मात्र मधेच आपल्या मनाने बंद-चालू होणार. तेव्हा सगळ्यात वाईट क्षण कोणता? बाकी सगळं चालू आहे आणि फ्रीजने उचल घेतली, तो. १२५० मध्ये ७५० मिळवा: २००० वॅट. तुमच्या फ्रीजवर ‘इन्व्हर्टर काँप्रेसर’ असं लिहिलेलं असेल तर तो हळूहळू वेग घेतो आणि ही उचल बरीच कमी होते.

सतत चालणारा भार जनरेटरच्या ८० टक्क्यांच्या वर नेऊ नये. २००० वॅटच्या जनरेटरला १६०० झाले, तुमचे १२५० त्यात बसतात. राहिली आपल्याकडची उष्णता. इंजिनाची ताकद कारखान्यात साधारण २५ अंशांच्या हवेत धरलेली असते आणि त्यापुढे दर पाच-सहा अंशांना अंदाजे एक टक्का कमी होते. मे महिन्यात यावल-रावेरला पारा ४५ ला टेकला की साडेतीन-चार टक्के गेले. उंचीचा आपल्याला त्रास नाही. तापीकाठ समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे. तोरणमाळला कुणी हाच हिशेब करत असेल तर त्याने मात्र आणखी दहा-बारा टक्के सोडून द्यावेत, कारण तिथे उंची अकराशे मीटरच्या पुढे आहे आणि हवा विरळ.

तर ताई, तुमच्यासाठी ‘रेटेड’ २ किलोवॅट ही खालची हद्द आणि अडीच मिळाला तर बरं. ‘रेटेड’ हा शब्द दुकानात धरून बसा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा ‘मॅक्स’ असतो, तो काही क्षणांपुरता. दुकानदार केव्हीएमध्ये बोलेल. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर एक केव्हीए म्हणजे ८०० वॅट, म्हणून २ किलोवॅटला अडीच केव्हीए आणि अडीचला तीनच्या थोडं वर. काही छोट्या पेट्रोल जनरेटरवर पॉवर फॅक्टर १ लिहिलेला असतो, तिथे केव्हीए आणि किलोवॅट एकच. पाटीवर वॅट शोधा, म्हणजे घोळ नको.

आता यजमानांची मोटार. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ती झाली मोटारीने दिलेली ताकद. ती ओढते ११०० च्या आसपास आणि पाणी भरलेल्या पाइपासकट सुरू होताना त्याच्या तिप्पट तरी धरावी लागते, ३३०० झाले. बाकी सगळं बंद करून फक्त मशीन, एक पंखा आणि दिवे ठेवले तरी ३८०० वॅट. पाच केव्हीए म्हणजे ४००० वॅट. पाहा, दुकानदाराचा आकडा कुठून आला ते! तो लुबाडत नाहीये. पण दिवसातून अर्धा तास पाणी चढवायला तुम्ही दुप्पट मोठं यंत्र घेणार, आणि ते उरलेले सगळे तास पाव भारावर पेट्रोल पीत बसणार. जड इतकं की दोन माणसांशिवाय हलणार नाही. माझं मत विचाराल तर नको.

त्याऐवजी गच्चीवर हजार लिटरची आणखी एक टाकी बसवा. हवामान खात्याचा वादळाचा इशारा आला, पश्चिमेला काळं झालं, की दोन्ही टाक्या भरून ठेवायच्या. पाच माणसांना काटकसरीने तीन दिवस निघतात. खाली हौद असेल तर त्यातून वर पाणी चढवायला अर्धा एचपीची छोटी मोटार बसवता येते. फ्रीज आणि कूलर दहा मिनिटं बंद ठेवले तर ती अडीच किलोवॅटवर उचल घेईल. घरघंटी त्या तीन दिवसांत विसरा, दळण आधी करून ठेवा. मिक्सर चालेल, पण दोन मिनिटांसाठी आणि कूलर बंद करून. गिझर, इस्त्री, शेगडी यांचं नावही नको. शेतातली पाच एचपीची थ्री-फेज मोटार यावर चालेल का असं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणा.

सगळ्यात महत्त्वाचं अजून राहिलंय. सासूबाईंच्या मशीनसाठी एकटा जनरेटर पुरेसा नाही. रात्री दोनला लाईट गेली तर कुणीतरी उठणार, पावसात बाहेर जाणार, दोरी ओढणार. पाच-दहा मिनिटं जातात. एखाद्या वेळी तो सुरूच होत नाही. मधल्या वेळासाठी ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर घरात हवा. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर सांगितला असेल तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. म्हणजे एक रात्र निभावली. प्रवाह किती ठेवायचा आणि सिलिंडरवर कसं बदलायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून समोर बसून शिकून घ्या, घरातल्या दोघांनी तरी. जुन्या इन्व्हर्टरवर मशीन लावायच्या आधी तो ‘साईन वेव्ह’ आहे का, म्हणजे लाईनसारखाच सुरळीत करंट देतो का, ते पाहा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मशीनचा काँप्रेसर तापतो. साईन वेव्ह असेल आणि १५० एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी चांगली असेल, तर फक्त मशीन धरून तीनेक तास मिळतील.

इन्सुलिनची तितकी काळजी नको. दार न उघडता फ्रीज चारेक तास थंडावा धरतो, म्हणून जनरेटरवर तो अधूनमधून तासभर चालला तरी भागतं. सासऱ्यांची चालू वापरातली कुपी ओल्या मातीच्या भांड्यात, पाणी लागणार नाही अशी डबीत घालून ठेवता येते. बर्फाला मात्र चिकटू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

पेट्रोलचा हिशेब वॅटइतकाच खरा आहे, पण दुकानात तो कुणी सांगत नाही. दोन किलोवॅटचा जनरेटर अर्ध्या भारावर तासाला पाऊण ते एक लिटर पितो. तीन दिवस अखंड चालवायचा तर ७२ तास आणि साठ-सत्तर लिटर. एवढं घरात ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही धातूच्या, २५ लिटरपेक्षा मोठा नसलेल्या कॅनमध्ये. म्हणून पाळ्या लावा. दिवसाचे दहा-बारा तास जनरेटर: त्यात फ्रीज गार होईल, बॅटरी भरेल, मशीन चालेल. उरलेल्या तासांना सिलिंडर आणि इन्व्हर्टर. कॅन खळ्यात, चुलीपासून आणि झोपायच्या खोल्यांपासून लांब. इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल ओतायचं नाही, रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात तर आणखी जपून.

जनरेटर कुठे ठेवायचा याबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. पाऊस पडतोय म्हणून पडवीत नाही, ओट्यावर नाही, गोठ्यात नाही, अर्ध्या उघड्या खोलीतही नाही. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेलं माणूस झोपेतच जातं, आणि आधीच ऑक्सिजन कमी पडणारं माणूस सगळ्यांत आधी. दार-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, वर चारी बाजूंनी मोकळं असं पत्र्याचं छप्पर. तिथून घरापर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची तीन तारांची तांब्याची केबल. बारीक वायर टाकली तर वाटेत व्होल्टेज पडतं आणि केलेला सगळा हिशेब फुकट जातो.

आणि जोडणी. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर बनवून जनरेटरचा करंट भिंतीच्या सॉकेटमध्ये घालणारे लोक मी पाहिलेत. मेन स्विच चालू राहिला तर तो करंट मीटरमधून उलटा बाहेर पडतो, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, पोचतो, आणि जो डीपी ११ हजार व्होल्टचे आपल्याला २३० करून देतो तोच उलट्या बाजूने २३० चे हजारो करतो. त्या वेळी खांबावर कोण असतं? तुमच्याच गावची लाईट जोडायला भर पावसात चढलेला वायरमन. त्याच्या दृष्टीने लाइन मेलेली असते. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आज त्या खांबांवर चढतात. ताई, चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाईनला किंवा जनरेटरला एकालाच जोडणारा स्विच, बसवल्याशिवाय जनरेटर घरात जोडू नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, दोन पोलचा, ३२ अँपिअरचा. लायसन असलेल्या वायरमनकडून बसवून घ्या आणि अर्थिंगही त्याच दिवशी तपासून घ्या. मशीन, फ्रीज, ती खोली, इन्व्हर्टर आणि बेरजेत धरलेले दिवे-पंखे एवढंच त्या स्विचवर घ्या. बोअर आणि घरघंटी त्यावर जोडलेलीच नसली, की घाईत चुकून कुणी चालू करणार नाही.

एक लहानशी गोष्ट. लाईट नसलेल्या गावात तुमच्या घरी उजेड दिसला की शेजारपाजारचे मोबाइल घेऊन येतील. येऊ द्या. एक चार्जर १०-२० वॅटचा, दहा जणांचे लावले तरी फार तर दोनशे, तेवढ्या वेळापुरता कूलर बंद ठेवा. पण कुणी त्यांचा फ्रीज वायर टाकून जोडू म्हणालं तर त्याला उचल समजावून सांगा, आता तुम्हाला ती येते.

आणल्यानंतर तसाच झाकून ठेवू नका. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं भारासकट चालवा, नाहीतर जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकटतं आणि नेमका वादळाच्या रात्री तो दोरीला दाद देत नाही. ऑइल दर वेळी पाहा. आणि आखाजीच्या आधी, लेकी-जावई घरी यायच्या आत, एका दुपारी मेन बंद करून चार तास सगळं घर या बेतावर चालवून बघा. त्या चार तासांत सिलिंडर हाताशी ठेवा. कोण दोरी ओढणार, कोण चेंजओव्हर फिरवणार, कोण सासूबाईंजवळ बसणार, हे त्या दिवशी ठरेल. सुरुवातीला आणि शेवटी टाकीतलं पेट्रोल मोजा, तुमच्या घराचा ताशी खरा आकडा मिळेल.

वहीतले आकडे मला पाठवा, विशेषतः मशीनच्या पाटीवरचा. ते पाच लिटरचं नसून दहा लिटरचं निघालं तर ६०० वॅटच्या आसपास ओढेल. मग तुमची बेरीज १५०० वर आणि फ्रीजच्या उचलीसकट २२५० वर जाते. तसं असेल तर २ किलोवॅटचा विचार सोडा आणि रेटेड अडीचच्या खाली काही दाखवलं तर घेऊ नका.